बेळगावात शिकायला आलात आणि गाडी नाही: येण्या-जाण्याचे नेहमीचे प्रश्न

खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबाग या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या चंदगड, गडहिंग्लजमधून दरवर्षी मुलं-मुली बेळगावात शिकायला येतात. जून-जुलैत त्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची ही उत्तरं आहेत.

खोली कुठे घ्यावी?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण बाकी निम्मे प्रश्न यावरच ठरतात. कॉलेजं शहरभर पसरली आहेत, पण त्यांचे चार-पाच पट्टे पडतात.

आरपीडी, जीएसएस आणि राजा लखमगौडा लॉ कॉलेज टिळकवाडीत आहेत. गोगटे इन्स्टिट्यूट आणि केएलईचं शेषगिरी इंजिनिअरिंग कॉलेज उद्यमबागेत, म्हणजे तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे. त्याच खानापूर रोडने पुढे गेलं की पिरनवाडी, मच्छे आणि व्हीटीयू हे तांत्रिक विद्यापीठ. लिंगराज कॉलेज कॉलेज रोडला, बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज सिव्हिल हॉस्पिटलपाशी. दोन्ही ठिकाणांना चन्नम्मा चौक जवळ. भाऊराव काकतकर कॉलेज क्लब रोडला. जेएनएमसी हे मेडिकल कॉलेज नेहरूनगरात, महामार्गाच्या अंगाला. राणी चन्नम्मा विद्यापीठाचं भूतरामहट्टीचं आवार तर काकतीच्याही पुढे, पुणे-बेंगळुरू महामार्गावर.

आमचा सल्ला एकच: कॉलेज ज्या रस्त्यावर, त्याच रस्त्यावर खोली बघा. उद्यमबागेत शिकणाऱ्याने टिळकवाडी, अनगोळ, मजगाव किंवा पिरनवाडीत राहावं. सदाशिवनगरात भाडं थोडं कमी मिळालं म्हणून तिथे राहिलात, तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागेल आणि सीबीटीवर, म्हणजे सिटी बसच्या स्टँडवर, बस बदलावी लागेल. वाचलेलं भाडं महिनाअखेरीला रिक्षात जातं, वेळ गेला तो वेगळाच. याउलट जेएनएमसीच्या मुलांना सदाशिवनगर सोयीचं.

खोली बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. कॉलेजच्या दिवशी, सकाळी ज्या वेळेला निघावं लागणार त्याच वेळेला जा आणि थांब्यावर अर्धा तास उभे राहा. किती बस येतात, त्यांतल्या किती थांबतात आणि किती भरून तशाच पुढे जातात, हे त्या अर्ध्या तासात समजतं. घरमालकाचं ‘बस दारातून जाते’ हे म्हणणं खरं असेलही, पण दारातून जाणारी बस दारात थांबतेच असं नाही.

सीबीटी आणि सेंट्रल बसस्टँड एकच का?

बोलण्यात दोन्ही नावं सरमिसळ वापरली जातात, त्यामुळे पहिले काही दिवस गोंधळ होतो. दोन्ही किल्ल्याजवळ, एकमेकांना लागून आहेत. शहरातल्या बस एका भागातून सुटतात, बाहेरगावच्या दुसऱ्या. कोणाला विचारताना नुसतं ‘स्टँड कुठे’ म्हणू नका. ‘सिटी बस कुठून सुटते’ किंवा ‘खानापूरची बस कुठून सुटते’ असं विचारा. रेल्वे स्टेशन इथून अडीच-तीन किलोमीटरवर, शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. सामान घेऊन चालत जायचा बेत करू नका.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. कन्नड येत नसेल तर?

पहिला आठवडा अडचण होते, नंतर नाही. आपल्या थांब्याचं आणि शेवटच्या गावाचं नाव कन्नडमध्ये कसं दिसतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चार-पाच नावं डोळ्यांत बसली की पुरे. अख्खी लिपी शिकायची तर तीही महिन्याभरात येते, आणि बेळगावात राहायचं असेल तर ती शिकावीच.

कंडक्टरशी बहुधा मराठीत बोलता येतं, पण दूरच्या डेपोतून आलेल्या कंडक्टरला मराठी येईलच असं नाही. चार वाक्यं पाठ असू द्या. ‘यल्लिगे होगतदरी?’ म्हणजे बस कुठे जाते. ‘मच्छेदाग निल्लस्तिरेनरी?’ म्हणजे मच्छेला थांबवणार का. ‘इल्ले निल्लसरी’ म्हणजे इथेच थांबवा. ‘चिल्लर इल्लरी’ म्हणजे सुटे नाहीत. शेवटचा ‘री’ विसरू नका. तो आपल्या ‘ओ’ सारखा मानाचा आहे. तो लावला की समोरचा माणूसही नीट बोलतो.

विद्यार्थी पास कसा काढायचा?

शहरात आणि जिल्ह्यात वायव्य कर्नाटक रस्ते वाहतूक महामंडळाच्या बस धावतात. विद्यार्थी पासासाठी अर्ज सेवा सिंधू पोर्टलवर करायचा. अर्जात आपली माहिती, कॉलेज, वर्ग आणि प्रवासाचे दोन थांबे भरायचे. तो अर्ज कॉलेजकडे जातो, कॉलेजने मान्य केला की ठरलेल्या काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं. रक्कम अभ्यासक्रमानुसार बदलते. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना जास्त सवलत आहे, त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, त्यावरच्या आरडी नंबरासह (दाखल्याचा क्रमांक), जवळ ठेवा.

अर्ज अडकतो तो बहुतेक तीन कारणांनी.

पहिलं, नाव. आधारावर एक स्पेलिंग, कॉलेजच्या नोंदीत दुसरं. वडिलांचं नाव मध्ये आहे की शेवटी, आडनाव आहे की नाही, इथे हमखास फरक निघतो. प्रवेश घेतानाच नाव आधाराप्रमाणे लिहा.

दुसरं, कॉलेजची मान्यता. अर्ज भरून मुलं वाट बघत बसतात आणि तो कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. दोन-तीन दिवसांत काही हललं नाही तर अर्जाचा नंबर घेऊन ऑफिसात जा आणि ज्यांच्याकडे पासाचं काम आहे त्यांनाच भेटा.

तिसरं, चुकीचा थांबा. कडोली किंवा येळ्ळूरहून येऊन सीबीटीवर बस बदलून उद्यमबागेला जाणाऱ्याने फक्त ‘गाव ते सीबीटी’ निवडलं, तर पुढच्या टप्प्याला रोज तिकीट पडतं. कार्ड हातात आलं की काउंटर सोडण्याआधी त्यावरचा मार्ग वाचा. कुठून, कुठे आणि व्हाया कुठे, हे तिन्ही बरोबर हवेत. तिथल्या तिथे दुरुस्ती होते, नंतर फेऱ्या माराव्या लागतात.

आणखी दोन गोष्टी. पासाला अंतराची मर्यादा असते, साठ किलोमीटर. त्यामुळे निपाणीहून रोज बेळगावला ये-जा करायची असेल, तर पूर्ण प्रवास पासात बसेल असं धरून चालू नका. आणि पास साध्या बसचा असतो, राजहंस किंवा एसी बसमध्ये चालत नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. हरवल्यावर नंबर सांगता आला तर दुसरं कार्ड काढणं सोपं जातं.

मुलींना पास लागतो का?

कर्नाटकात राहणाऱ्या मुलींना साध्या बसमध्ये लागत नाही. शक्ती योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे आणि तिच्यात राज्यातल्या राज्यात साध्या बसचा प्रवास फुकट आहे. कर्नाटकातला पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. ते तिकीट मागून घ्याच आणि उतरेपर्यंत जपा. गर्दीत कंडक्टर पुढे निघून गेला म्हणून तिकीट न घेता बसून राहिलात आणि तपासनीस चढला, तर ‘फुकटच होतं की’ म्हणून सुटका होत नाही. ओळखपत्र मूळ जवळ ठेवा. झेरॉक्सवरून रोज वाद घालण्यात अर्थ नाही. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसना आणि आरामबसना ही योजना नाही.

मी चंदगड तालुक्यातली आहे, बेळगावात शिकते. मला कोणती सवलत मिळते?

सीमेवरच्या मुलींची इथेच अडचण होते, म्हणून जरा सविस्तर. आधारावर महाराष्ट्राचा पत्ता असेल तर कर्नाटकच्या बसमध्ये शून्य तिकीट मिळत नाही, पूर्ण पैसे पडतात. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. म्हणजे हद्दीवरच्या शिनोळीपर्यंत अर्धं आणि पुढे बेळगावपर्यंतचा टप्पा पूर्ण, असा हिशेब होतो. तिकिटावर दोन आकडे दिसले तर ती चूक नव्हे.

पासाचंही तसंच. एसटीचा पास एसटीत आणि कर्नाटकचा पास कर्नाटकच्या बसमध्ये. वेंगुर्ला रोडने दोन्ही राज्यांच्या बस येतात. पास काढण्याआधी आठवडाभर बघा: सकाळी तुमच्या वेळेला कोणाची बस असते आणि संध्याकाळी परतताना कोणाची. सकाळी एसटी आणि संध्याकाळी कर्नाटकची असेल तर एका पासाने अर्धाच प्रवास भागेल. मग जास्त पैसे ज्या बाजूला जातात तिथला पास काढा. बेळगावातल्या कॉलेजचा दाखला चालतो का, हे पैसे भरण्याआधी चंदगड डेपोत विचारून घ्या.

फुकट तिकिटासाठी आधारावरचा पत्ता बदलून हॉस्टेलचा करावा का, असं बऱ्याच मुली विचारतात. करू नये. शिष्यवृत्ती, रहिवासी दाखला, रेशनकार्ड सगळं महाराष्ट्रात आणि आधार कर्नाटकात, असं झालं की पुढच्या प्रत्येक अर्जाला अडथळा येतो.

रेल्वेने रोज ये-जा करता येते का?

लोंढा-मिरज मार्गावर घर असेल तर नक्की विचार करा. खानापूर, देसूर, बेळगाव, सांबरा, सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ अशी स्टेशनं आहेत. मासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, विद्यार्थ्यांना तो निम्म्या पैशांत. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासाचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत फुकट आहे. ही सवलत बऱ्याच पालकांना माहीतच नसते. कॉलेजचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो; नमुना स्टेशनच्या तिकीट काउंटरवर मागा, कॉलेजचा सही-शिक्का घ्या आणि ओळखपत्रासह जमा करा.

पास आरक्षित डब्यात चालत नाही. सुपरफास्ट गाडीला वेगळा अधिभार पडतो. गाडी उशिरा येणार हे धरूनच पहिल्या तासिकेचा हिशेब करा, आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी एक गाडी आधीची घ्या.

बाहेरून येणारे नावांवरून फसतात. चिकोडी रोड स्टेशन चिकोडी गावात नाही आणि गोकाक रोड गोकाकात नाही. उतरल्यावर पुढे बस किंवा वडाप (खासगी प्रवासी गाडी) लागतंच. निपाणीला तर रेल्वेच नाही. तिथल्या मुलांनी महामार्गाची बसच धरावी.

रिक्षाला किती द्यायचे?

बसण्याआधी ठरवायचं, मग बसायचं. मीटरवर चला म्हणून बघा. नाही म्हणाला तर आकडा विचारा, मान्य नसेल तर दुसरी रिक्षा बघा. ठिकाण नेमकं सांगा. ‘टिळकवाडी’ म्हटलं तर आरपीडी क्रॉसही टिळकवाडी आणि दुसरं गेटही टिळकवाडी. मग उतरताना दहा-वीस रुपयांवरून वाद होतो. ‘गोवावेसच्या पुढे, दुसऱ्या गेटाजवळ’ असं सांगावं. सामान किती आणि माणसं किती, तेही आधीच सांगा.

पहाटे स्टेशनवर किंवा बसस्टँडवर उतरलात तर भाडं जास्तच सांगतात. बाहेरच्या मुख्य रस्त्यापर्यंत दोन मिनिटं चालत गेलात तर फरक पडतो, पण मुलींनी एकटीने अंधारात हे करू नये. उजाडेपर्यंत स्टेशनच्या प्रतीक्षालयात थांबणं बरं. शेअर रिक्षा आणि वडाप स्वस्त पडतं, मात्र भरल्याशिवाय सुटत नाही. परीक्षेच्या सकाळी त्याच्या भरवशावर राहू नका.

सायकल घ्यावी का?

घर ते कॉलेज पाच किलोमीटरच्या आत असेल तर आमच्या मते सायकलसारखं दुसरं काही नाही. टिळकवाडी, कॅम्प, हिंडलगा, उद्यमबाग या बाजूला रस्ते रुंद आहेत. गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्लीत दुपारनंतर सायकल हातात धरून चालावी लागते, तिथे ती वेळ वाचवत नाही.

नवी गियरची सायकल घेण्यापेक्षा जुनी, साधी, मडगार्ड आणि कॅरियर असलेली घ्या. बेळगावच्या पावसात मडगार्डशिवाय सायकल म्हणजे पाठीवर चिखलाचा पट्टा आणि दप्तर ओलं. जुनी सायकल बघताना हे तपासा.

चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या रबरापासून रिम कुठे जवळ, कुठे लांब जात असेल तर चाक वाकडं आहे. थोडं असेल तर तारा आवळून सरळ होतं. एका जागी झटका बसत असेल तर रिमच खड्ड्यात बसली आहे, ती सरळ होत नाही.

पायडलाचा दांडा हाताने आत-बाहेर हलवा. खटखट आली तर आतलं बेअरिंग गेलं आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. हँडलच्या खाली खटखट आली तर तिथलं बेअरिंग सैल आहे.

साखळी मोजा. नव्या साखळीत बारा पूर्ण जोड, म्हणजे चोवीस पिना, बरोबर बारा इंच भरतात. बारा इंचांपेक्षा एक-सोळांश इंच वाढली असेल तर साखळी बदलायला आली. एक-अष्टमांश वाढली असेल तर दात्यांची चाकंही झिजलेली असणार, आणि नुसती नवी साखळी घातली तर ती दात्यांवरून उडी मारेल. तेवढा खर्च धरूनच किंमत बोला.

सीटची उंची: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. पंजाने मारायला लागलात की गुडघा आपोआप थोडा वाकतो. बहुतेक मुलं सीट फार खाली ठेवतात आणि आठवड्यात गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडून देतात.

हवा टायरच्या कडेला लिहिलेली असते तेवढी. दर आठवड्याला भरा. कमी हवेत खड्ड्यावर आदळलं की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि दोन बारीक भोकं शेजारी शेजारी पडतात. पंक्चरवाल्याला दोन्ही दाखवा, नाहीतर एकच बुजवली जाते आणि संध्याकाळपर्यंत हवा परत उतरते. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. घरी पायडल बदलताना जोर लावून आटा मारू नका.

रेल्वे गेटवर रुळ काटकोनात ओलांडा. तिरपं गेलात आणि रुळ ओला असेल, तर चाक खाचेत जाऊन माणूस पडतो. पावसात रिमवरच्या ब्रेकला पहिली पकड पाणी पुसण्यातच जाते. म्हणून लवकर, हलका दाबा आणि मग घट्ट. भिजलेली साखळी फडक्याने पुसून तेलाचे थेंब घाला, उरलेलं तेल पुसून काढा. तेल जास्त राहिलं की धूळ चिकटते आणि साखळी आणखी लवकर झिजते.

कुलूप चाक आणि चौकट दोन्हींतून घाला, आणि चौकटीवरचा नंबर लिहून ठेवा. चोरी झालीच तर तक्रारीत तोच लागतो.

गावाकडची दुचाकी आणली तर?

अठरा पूर्ण नसतील तर नाहीच. अल्पवयीनाने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. महाराष्ट्राच्या नोंदणीची, समजा एमएच ०९ ची गाडी बेळगावात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे इथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी आधी तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपर्यंतच्या बॅटरी सायकल-स्कूटरला लायसन्स लागत नाही. विकत घेताना हे दोन्ही आकडे कागदावर बघा. दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

कोणत्या दिवशी प्रवासाचा खोळंबा होतो?

१ नोव्हेंबरला राज्योत्सवाची मोठी मिरवणूक आणि मराठी भाषकांचा काळा दिवस एकाच दिवशी असतात. चन्नम्मा चौकाकडे जाणारे रस्ते गर्दीने भरतात, बस वळवतात. त्या दिवशी आणि मागे-पुढे गावी जायचा बेत ठेवू नका. सीमाप्रश्नावरून तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवरच थांबतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तसं झालं होतं. अशा वेळी कर्नाटकच्या बसने निपाणी किंवा कोगनोळीपर्यंत जाऊन पलीकडे दुसरी बस धरायची. मोबाइलचं चार्जिंग आणि सुटे पैसे पुरेसे ठेवा.

डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. धारवाडच्या बाजूचा महामार्ग मोर्चांमुळे तुंबतो आणि शहरात लॉजही मिळत नाही. परीक्षेसाठी आई-वडील येणार असतील तर खोलीची सोय आधी करा. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आणि गणेश विसर्जनाला शहराच्या मध्यभागात वाहनं रात्रभर बंद असतात. त्या रात्री स्टेशनवरून टिळकवाडी किंवा शहापूरला यायचं असेल तर आतल्या गल्ल्यांतून चालत येण्याची तयारी ठेवा आणि सामान पाठीवर मावेल एवढंच आणा.

शेवटची बस चुकली तर?

खेड्यांच्या शेवटच्या बस लवकर सुटतात, शहरातल्या बसही रात्री लवकर विरळ होतात. आपल्या मार्गाची शेवटची आणि तिच्या आधीची, अशा दोन्ही वेळा डेपोत विचारून लिहून ठेवा. शेवटची बस कधी कधी रद्द होते, म्हणून प्रयोगशाळा किंवा क्लास नेहमी तिच्या आधीच्या बसच्या बेताने सोडा. चुकलीच तर त्याच बाजूच्या लांब पल्ल्याच्या बसने जवळच्या मोठ्या थांब्यापर्यंत जाता येतं; खानापूरच्या बाजूला हे सहज जमतं, कडोली किंवा बेळगुंदीसारख्या आतल्या गावांना जमत नाही. त्या गावांच्या मुलांनी बेळगावात एखाद्या नातेवाइकाकडे किंवा मित्राच्या खोलीवर रात्रीपुरती सोय आधीच बोलून ठेवावी. अडचण आली तर ११२ वर फोन करा. बसमध्ये काही विसरलं तर तिकिटावरचा डेपो आणि बसचा नंबर घेऊन त्याच दिवशी डेपोच्या कंट्रोलरला भेटा. बस मुक्कामी गेली असेल तर सकाळी ती पहिल्या फेरीला निघण्याआधी पोचा.